मोन्ताची हाक

"हा शिंकत नाहीये गं, शिंक दाबतोय," काचेपलीकडून कुमुदताई म्हणाल्या. "सातपुते, परत लावा."

रेकॉर्डिंग करणाऱ्या सातपुतेंनी टेप मागे घेतली. पडद्यावर मोन्ता शेवटच्या बाकावर बसला होता आणि बाई फळ्याकडे वळल्या की डब्यातली नूडल नाकानं ओढायचा प्रयत्न करत होता. कुमुदताईंनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन्ही पायांचे चवडे आत वळवले आणि तोंड उघडलं. सत्तावन्न वर्षांच्या त्या बाईच्या गळ्यातून आठ वर्षांचं एक पोर बाहेर आलं. खोटं बोलताना भराभर बोलणारं, 'बरं'ला 'बलं' म्हणणारं, मध्येच श्वास संपून घाबरंघुबरं होणारं. शिंक दाबली गेली, नूडल उडाली आणि बाईंच्या अंबाड्यात जाऊन बसली. सातपुते रोज हेच काम करणारा माणूस, पण तोही हसून खुर्चीत वाकला.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पुण्यातच जपानी शिकले होते आणि कर्वे रस्त्यामागच्या गल्लीतल्या एका छोट्या स्टुडिओत त्या कार्टूनचे मराठी संवाद लिहीत होते. मूळची ती जपानी चित्रकथा. एका मासिकात सोळा वर्षं चाललेली, जपानी पद्धतीनं शेवटच्या पानाकडून सुरू होणाऱ्या चोवीस पुस्तकांची. तिच्यावर दोनदा कार्टून झालं होतं. पहिलं जुनं, मूळ पुस्तकांच्या जवळचं. दुसरं नवं, झगमगीत, जरा गोडगोड. मराठीत येत होतं ते दुसरं. संध्याकाळी साडेपाचला लागायचं. गोष्ट अगदी साधी होती. बंदराचं एक गाव, तिथे नूडलची टपरी चालवणारी आई आणि तिचा हा अतरंगी मुलगा. बाप बोटीवर. चोवीस पुस्तकांत तो एकदाही घरी येत नाही. त्याच्या न येण्यावरही विनोद होते.

त्या बापावरून आमची एक गंमत ठरून गेली होती. मी संवादात 'बाबा' लिहायचे आणि कुमुदताई म्हणायच्या 'कॅप्टनसाहेब'. पहिल्यांदा केलं तेव्हा सगळे इतके हसले की तेच ठेवलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही केलं. "अगं, न पाहिलेल्या बापाला पोर बाबा कशाला म्हणेल? कॅप्टनसाहेबच म्हणणार," त्या म्हणायच्या. मला पटलं होतं. अनुवादापेक्षा चांगलं सुचलं की मी ते मुकाट्यानं घेत असे.

कुमुदताई नव्या पेठेत एकट्या राहायच्या. पूर्वी प्रायोगिक नाटकांत कामं केलेली. एकदा संवाद पोचवायला गेले तर शेजारच्या दामलेबाईंनी दार किलकिलं करून मला विचारलं होतं, "यांच्याकडे नातू आलाय का हो? दिवसभर बडबड चालू असते." मी हसून सांगितलं की सराव करतात. पण दारापर्यंत गेल्यावर मीही थबकले. आत ते पोर काहीतरी मागत होतं, आणि कुमुदताई आपल्या खऱ्या आवाजात त्याला नाही म्हणत होत्या. संवादात तसं काहीच नव्हतं. मी बेल वाजवली. दोन्ही आवाज एकदम थांबले.

सदतिसावा भाग झाला त्या आठवड्यात एक गृहस्थ स्टुडिओत आले. दुपारची वेळ होती, कुमुदताई निघून गेल्या होत्या. पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, साठीच्या पुढचे.

"मी रघुनाथ वैशंपायन. वाईहून आलो. त्या मोन्ताचं मराठी तुम्ही लिहिता?"

मला वाटलं, तक्रार. मोन्ताचं बघून मुलं नाकात काय काय घालतात, अशी पालकांची पत्रं आम्हाला यायची. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं.

"'बरं'ला 'बलं' म्हणायचं, ते तुम्ही लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"नाही. ते कुमुदताईंचं. आवाज त्यांचा आहे ना."

"आवाज तिचा नाही," ते म्हणाले. पाण्याचा पेला त्यांनी हातातच धरला होता. "आमच्या श्रीरंगचा आहे."

मग त्यांनी जे सांगितलं ते अगदी थोडक्यात सांगितलं, वर्गात प्रमेय सांगावं तसं. ते शाळेत भूमिती शिकवायचे. कुमुद सोहोनी, म्हणजे आमच्या कुमुदताई, ही त्यांची बायको. एक मुलगा, श्रीरंग. एक्क्याऐंशीच्या मे महिन्यात तो कृष्णेत बुडाला, आठ वर्षांचा असताना. वर्षाच्या आत कुमुद पुण्याला निघून आली. घटस्फोट वगैरे काही नाही, नुसती निघून आली. तेवीस वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

"मी संध्याकाळी फिरायला निघालो होतो. मेणवलीकडे जायच्या रस्त्याला एक घर आहे, तिथे टीव्ही चालू होता. मी चपला न काढता त्यांच्या घरात शिरलो हो. ती माणसं काय म्हणाली असतील!" ते जरासे हसले. "श्वास संपल्यावर तो असाच घाबरायचा. असंच खोटं बोलायचा, भराभर. तो असाच होता. नुसत्या खोड्या."

"तुम्हाला हे बंद व्हावंसं वाटतंय का?" मी विचारलं.

"बंद?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. "छे, छे. माझ्याकडे टीव्ही नव्हता. आता घेतलाय. रोज बघतो." पेला त्यांनी खाली ठेवला. "पण तो आईला इतक्या हाका मारतो. बाबा म्हणत नाही. कॅप्टन म्हणतो. ते तुम्ही लिहिता?"

मी खोटं बोलायला हवं होतं, असं मला नंतर कितीदा तरी वाटलं. पण तेव्हा तोंडून निघून गेलं, "मी बाबाच लिहिते. त्या बदलतात."

त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती काही सुरू होत नव्हती.

"एकदाच होईल का?" शेवटी ते म्हणाले. "कसंही. विनोदात आलं तरी चालेल. तिला माझं नाव सांगू नका, नाहीतर ती नाहीच म्हणणार."

"काका, हे मी कसं…"

"बरोबर आहे. तुमचं काम आहे, तुम्हाला अडचणीत आणायचं नाही." पिशवीतून एक कागद काढून त्यांनी त्यावर फोन नंबर लिहिला. भूमितीच्या मास्तरांचे आकडे, सगळे एका उंचीचे. "झालं तर कळवा. नाही झालं तरी मी बघणारच आहे."

अडतिसाव्या भागाची टेप माझ्या टेबलावर आधीच येऊन पडली होती. त्या भागाच्या मध्यावर मोन्ता शाळेतून पळून धक्क्यावर जातो. लांब क्षितिजावर एक बोट दिसते. तो तोंडाभोवती हात धरतो आणि ओरडतो. नव्या कार्टूनमध्ये तो नुसतंच 'ओऽई' ओरडतो. मग एक सीगल पक्षी त्याच्या डोक्यावर घाण करतो आणि सगळं हशात जातं. पण चित्रकथेचं अकरावं पुस्तक माझ्याकडे होतं. मी ते काढून पाहिलं. तिथे अख्ख्या पानभर एकच चित्र होतं, आणि पाठमोऱ्या मोन्ताच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तोऽचान'. म्हणजे बाबा. जुन्या कार्टूनमध्येही तेच होतं. नव्यावाल्यांनी ते पुसून टाकलं होतं.

मी स्वतःला म्हटलं, मुळात आहेच की. मी काही पदरचं घालत नाहीये.

आणि आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, ती मी कुणाला बोलले नाही. त्या ठिकाणी मोन्ताचं तोंड पडदाभर दिसतं आणि ते लांबलचक दोनदा उघडतं. तिथे 'कॅप्टनसाहेब' बसणं शक्यच नव्हतं. 'बाबा' मात्र चपखल बसत होतं. मी ते लिहिलं. संवाद एरवी आदल्या दिवशी कुमुदताईंच्या घरी पोचवायचे, त्या वेळी थेट रेकॉर्डिंगलाच हातात दिले.

मंगळवारी सकाळी अकराला काम सुरू झालं. कुमुदताई खुशीत होत्या. शाळेतलं भांडण, टपरीवरचा गोंधळ, सगळं एकेका टेकमध्ये उरकलं. धक्का आला. त्यांनी पान उलटलं, चष्मा खाली घेतला, वाचलं. पुन्हा वाचलं.

"प्राची, इथे तो 'ओऽई' ओरडतोय ना?"

"मूळ पुस्तकात बाबा आहे, कुमुदताई. त्यांनी नंतर बदललं. आणि तोंड बघा ना, दोनदा उघडतंय. दुसरं काही बसत नाही."

"मी बसवते." त्यांनी सातपुतेंना खूण केली. चित्र सुरू झालं. 'कॅप्टऽन' तोंडाबाहेर गेलं. दुसऱ्यांदा 'अहोऽऽ' केलं, ते कुणाला तरी रस्त्यात हटकल्यासारखं वाटलं. तिसऱ्यांदा त्या बोलल्याच नाहीत. मोन्ता पडद्यावर मुक्यानंच तोंड उघडून उभा राहिला.

त्यांनी हेडफोन काढले आणि काचेतून सरळ माझ्याकडे पाहिलं. बूथमधला माइक चालूच होता.

"कोण आलं होतं?"

सातपुते माझ्याकडे बघायला लागले.

"वाईहून आला होता ना?"

"हो," मी म्हटलं. "त्यांनी फक्त एकदाच…"

"त्यानं तुला काय सांगितलं? सगळं सांगितलं?"

"श्रीरंग नदीत… एवढंच."

"एवढंच." त्यांनी मान हलवली. "घाटावर होता तो, श्रीरंगचा बाप. बुद्धिबळ मांडून बसला होता एका मित्राबरोबर. आमच्या रंगानं तीन हाका मारल्या. बाबा, बाबा, बाबा. यानं मान वर केली नाही. चौथी हाक आलीच नाही, तेव्हा वर बघितलं." त्या हे अगदी कोरड्या आवाजात सांगत होत्या, भाजीचा भाव सांगावा तशा. "बुडतोय असं नाटक करायचं त्याला वेडच होतं. रोज करायचा. म्हणून ओ दिली नाही, म्हणाला हा."

"कुमुदताई, राहू दे. मी 'ओऽई' करते. आपण पुढे जाऊ."

"नको. लावा हो सातपुते."

त्यांनी हेडफोन घातले. एरवी त्या पायांचे चवडे आत वळवायच्या, खांदे उचलायच्या. त्या वेळी काही केलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. पडद्यावर बोट दिसली, मोन्तानं तोंडाभोवती हात धरले, आणि ती हाक आली.

ती कशी होती ते मला सांगता येणार नाही. कार्टूनमधली नव्हती. त्यात सुरुवातीला थोडी खोडी होती, आणि शब्द संपेपर्यंत ती खोडी राहिली नव्हती. ओठ अचूक जुळले होते. मग सीगलनं डोक्यावर घाण केली, आणि त्यावर मोन्ताला शिव्या द्यायच्या होत्या, पण बूथमधून आवाज आला नाही. सातपुतेंनी टेप थांबवली.

कुमुदताई म्हणाल्या, "आता येत नाहीये."

"पाणी देऊ?"

"घशाचं काही नाही." त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. एका म्हातारीनं मुलाची नक्कल करावी तसा काहीतरी चिरका आवाज आला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, चवडे आत वळवून, खांदे उचलून. सातपुते खाली बघत राहिले. पाच मिनिटांनी त्यांनी पानं नीट लावून स्टँडवर ठेवली, पर्स घेतली आणि माझ्या शेजारून निघून गेल्या. दारात एकदाच थांबल्या. "दुसरं कुणी बघ," म्हणाल्या.

मी नाटकातल्या एका तरुण मुलीला बोलावलं. तिनं उरलेलं सगळं केलं, चांगलंच केलं. पण आवाज बदललाय, हे मुलांच्या पत्रांत लगेच आलं. एका मुलीनं लिहिलं होतं, 'मोन्ता आजारी आहे का?'

धक्क्यावरची हाक मात्र कुमुदताईंचीच ठेवली. वाहिनीवाल्यांनी ऐकलं, कुणाला काही खटकलं नाही. भाग लागायच्या आदल्या दिवशी मी वाईला फोन करून सांगितलं, माझा घरचा नंबरही दिला. ते फक्त "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी घरी टीव्हीसमोर बसायचं टाळलं, आईबरोबर मंडईत गेले. सहा वाजता घरी आले तर फोन वाजत होता.

"मी वैशंपायन." मागे गल्लीतली पोरं खेळत असल्याचा आवाज येत होता. "मी टीव्ही लावलाच नाही. धीर झाला नाही. बाहेर पायरीवर येऊन बसलो. पण आमच्या आळीत आता सगळेच लावतात हो. तीन-चार घरांतून एकदम आली. समोरून, बाजूनं. कुठून येतेय कळेना."

मी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली.

"मी ओ दिली," ते म्हणाले. "मोठ्यानं. उठून उभा राहिलो. समोरच्या जोशीणबाई बाहेर आल्या, काय झालं म्हणून." मग ते थांबले. "आणि लगेच जाहिरात लागली. टूथपेस्टची."

फोन ठेवल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ते म्हातारे गृहस्थ पायरीवर उभे आहेत आणि चारी बाजूंनी पांढरेशुभ्र दात हसताहेत, हे डोळ्यांसमोरून जाईना. त्याहून वाईट म्हणजे त्यांना त्यांची हाक मिळवून देताना मी कुमुदताईंकडून काय काढून घेतलं, ते मला कळायला लागलं होतं.

महिनाभर मी टाळलं, मग एका रविवारी सकाळी नव्या पेठेत गेले. दामलेबाई जिन्यात भेटल्या. "नातू गेला वाटतं त्यांचा. घर अगदी शांत झालंय," म्हणाल्या. त्या दिवशी मी त्यांना सराव वगैरे काही सांगितलं नाही.

कुमुदताईंनी दार उघडलं, मला आत घेतलं, चहा टाकला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आम्ही समोरासमोर बसलो. मी म्हटलं, "माझं चुकलं. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तर मी केलं नसतं." त्यांनी बशीत चहा ओतला. "आणि आता चांगलं केलंस की वाईट, हे मला विचारू नकोस. मला माहीत नाही. सकाळी उठले की मी आधी गप्प राहून बघते, घरात कुणी आहे का. कुणी नसतं." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "त्यानं ऐकलं?"

मी सगळं सांगितलं. पायरी, तीन-चार घरं, उठून ओ दिली ते. जोशीणबाईंपर्यंत आले आणि मग जाहिरातीचं सांगताना, देव जाणे का, मला हसू फुटलं. मी तोंडावर हात दाबला, पण ते थांबेना. डोळ्यांत पाणी आलं तरी हसतच होते. शरमेनं मेल्यासारखं झालं.

"हस," कुमुदताई म्हणाल्या. "मीही हसले होते."

"कधी?"

"तेव्हाच. मी घाटाच्या वरच्या पायरीवर होते. धुणं पिळत होते. त्या तिन्ही हाका मी ऐकल्या." त्या बशीकडे बघत बोलत होत्या. "खाली हा मान खाली घालून बसलेला, आणि तिकडे पोरगं हात हलवतंय. मला वाटलं, काय नाटकी आहे! अगदी माझ्यावर गेलाय. मी हसले. कौतुकानं हसले गं. हाक बाबाला होती, म्हणून ओ त्यानं द्यायची होती. तेवीस वर्षं मी तेच धरून बसले. पण त्यानं निदान बघितलं नव्हतं. मी बघत होते."

खालून भाजीवाल्याची आरोळी आली आणि लांब गेली. माझं हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही.

"त्यांना हे…" मी विचारलं.

"त्याला वाटतं, मी त्या वेळी घरी होते. आरडाओरडा ऐकून मागाहून धावत आले."

चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. त्या उठल्या, कपबश्या उचलून आत ठेवून आल्या, पदराला हात पुसत उभ्या राहिल्या.

"नंबर आहे तुझ्याकडे?"

माझ्या पर्समध्ये तो कागद तसाच होता. मी दिला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि तो कागद हातात धरून बराच वेळ पाहिला.

"याचा साताचा आकडा अजून तसाच," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "तू आता जा, प्राची."

मी चपला घातल्या, दार ओढून घेतलं. अर्धा जिना उतरले असेन, तेवढ्यात आत त्यांच्या जुन्या फोनची तबकडी फिरल्याचा आवाज आला. एकेक आकडा, मध्ये बराच वेळ, पुन्हा एक आकडा. मी कठड्याला धरून उभी राहिले. मग त्यांचा आवाज आला, त्यांचा स्वतःचा, जाड आणि थोडा बसलेला.

"अहो," त्या म्हणाल्या. "मी बोलतेय."

पलीकडून काही आलं की नाही, ते मला जिन्यात ऐकू येणं शक्य नव्हतं.